कलप सोडायचाय, पण मधल्या रेघेचं काय?

मागच्या अंकात बोलता बोलता मी लिहून गेले की माझ्या डोक्यावर आता एकही रंगवलेला केस नाही. लेख होता कोंड्यावर. कोंड्याबद्दल एकाही वाचकानं काही विचारलं नाही; जी पत्रं आली ती सगळी या एका वाक्यावर. त्यातली चार निवडली आहेत. मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगते, डोंबिवली पूर्वेला तळमजल्यावरच्या एका खोलीत मी ३१ वर्षं पार्लर चालवलं. आता भाची चालवते. मी दुपारचे दोन तास गल्ल्यावर बसते आणि न विचारता सल्ले देते.

प्रश्न: मी साताऱ्याची, वय ५७. माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. जन्मतारीख १ जून, आमच्या पिढीतल्या निम्म्या मास्तरांची असते तीच, त्यामुळे येत्या ३१ मे रोजी निवृत्ती. अडतिसाव्या वर्षापासून कलप लावतेय. आधी दोन महिन्यांतून एकदा पुरायचा, आता अठरा दिवसांत भांगात पांढरं दिसायला लागतं. रविवारची दुपार, जुना गाउन, बेसिनवरचे डाग, या सगळ्याचा वीट आलाय. अलीकडे लावल्यावर कपाळाच्या कडेला आणि कानामागे खाज सुटते, मागच्या वेळी सकाळी पापण्याही जड झाल्या होत्या, पण दोन दिवसांत उतरलं. केस कमरेच्या वर चार बोटं आहेत, बॉयकट सुचवू नये ही विनंती. अडचण अशी, की फेब्रुवारीत मुलाचं लग्न आहे. जाऊबाई म्हणतात, पांढऱ्या केसांची वरमाय बरी दिसत नाही. सासूबाई (८४) म्हणतात, सवाष्णीनं म्हातारपण असं ओढवून घेऊ नये. आणि आमचे हे, वय ६१, स्वतः दर पंधरा दिवसांनी कलप लावतात. ते म्हणाले, ‘तू पांढरी झालीस तर लोक मला तुझा धाकटा भाऊ समजतील.’ लग्नाआधी सोडू की नंतर?

उत्तर: बाई, तुमचं उत्तर मी दोनदा लिहिलं. पहिल्या वेळी लिहिलं होतं की लग्न उरकू द्या, शेवटचा कलप लग्नाच्या आधी आठ दिवस लावा आणि मग सोडा. कारण आज सोडलात तर फेब्रुवारीत नेमकी साडेतीन-चार सेंटिमीटरची पांढरी पट्टी असेल, आणि सगळ्या प्रवासातली तीच वेळ सर्वांत वाईट. ती अल्बममध्ये जन्मभर राहते. पण पत्र पुन्हा वाचलं तेव्हा पापण्यांवर अडखळले आणि तो कागद फाडला.

पापण्या जड झाल्या हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या दृष्टीनं तुमच्या पत्रात तेवढंच महत्त्वाचं आहे. बहुतेक काळ्या कलपांत पॅराफेनिलीनडायमाइन नावाचं द्रव्य असतं, खोक्यावर बारीक अक्षरात पीपीडी. एकोणीस वर्षं काही न होता विसाव्या वर्षी ते बाधू शकतं, आणि एकदा बाधायला लागलं की पुढच्या वेळी जास्त बाधतं. आज खाज, उद्या सूज. क्वचित श्वासापर्यंत प्रकरण जातं. म्हणून तुमच्यापुरता प्रश्न मिटला. आता थेंबभरही लावायचा नाही, लग्न असो की काही असो. त्वचेच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. आणि ‘अमोनिया नाही’ असं लिहिलेल्या खोक्याला भुलू नका. अमोनिया नाही म्हणजे पीपीडी नाही असं होत नाही. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांतही बऱ्याचदा तेच असतं. खरी मेंदी कधीच काळी रंगत नाही.

हे इतकं ठासून सांगते, त्याला कारण आहे. माझी एक जुनी गिऱ्हाईक मुलीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी घाईनं आली. नेहमीचाच रंग, म्हणून कानामागे लावून ४८ तास थांबायची चाचणी मी केली नाही. कित्येक वर्षं लावत आलेल्या बाईची कसली चाचणी करायची, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मुलीच्या शेजारी ती बसली ती डोळे पूर्ण मिटलेल्या अवस्थेत. सुजेनं उघडतच नव्हते. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, पण पुन्हा पार्लरची पायरीही चढली नाही.

तर आता फेब्रुवारीचं बघू. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. यात तेलानं, शाम्पूनं, कांद्याच्या रसानं फरक पडत नाही. त्यामुळे किती महिने लागतील हे केस किती लांब ठेवायचे यावर ठरतं, बाकी कशावरही नाही. कानाच्या पाळीपर्यंतचा कट ठेवणारीचं काम सव्वा ते दीड वर्षात होतं. खांद्यापर्यंत ठेवलेत तर दोन वर्षं धरा. तुमच्यासारख्या कमरेजवळ पोचलेल्या केसांना चार वर्षंही पुरायची नाहीत. तुम्ही निवृत्त होऊन नातवंडं खेळवाल तरी वेणीचा शेंडा काळा असेल.

आणि तरीही मी तुम्हाला केस फार कापू नका असं सांगणार आहे. पार्लरवाल्या बाया याच्या उलट सांगतात, मीही सांगायची. पण लांब केसांची एक सोय आहे: ते बांधता येतात. खांद्यावर मोकळे सोडलेले अर्धे पांढरे, अर्धे काळे केस कुणालाच शोभत नाहीत, कारण रेघ सगळीकडून दिसते. तेच मागे घेऊन अंबाडा घातला की पुढे चांदी आणि मागे काळा अंबाडा, असं दिसतं. ते कुणी मुद्दाम केल्यासारखं वाटतं. सासूबाईंना इंदिरा गांधींची पांढरी बट आठवत असेल. तेव्हा तिला कुणी म्हातारपण म्हटलं नव्हतं, रुबाब म्हटलं होतं. आता फक्त पाठीच्या मध्यापर्यंत आणा आणि दर दोन महिन्यांनी दोन बोटं कमी करत जा.

भांग मात्र सोडा. काळ्या केसांतून मधोमध पाडलेला भांग म्हणजे त्या रेघेची जाहिरात. केस नुसते मागे वळवा, किंवा बाजूनं वेडावाकडा, कंगवा न लावता बोटानंच भांग पाडा. लग्नाच्या दोन दिवसांपुरती पट्टी झाकायचीच असेल तर मुळांवर लावायची पावडर मिळते, रात्री धुतली की निघून जाते. तीही आठवडाभर आधी कानामागे लावून बघा. एवढं सोसल्यावर आता कशावरही विश्वास ठेवायचा नाही. अंबाड्यावर अबोलीचा गजरा घ्या. अबोली पांढऱ्या केसांशेजारी जशी उठते तशी काळ्यावर कधीच उठत नाही. हे मला वयाच्या साठीला कळलं याचं वाईट वाटतं.

साडीचं बोलू. आजवर तुम्ही काळ्या केसांना चालतील ते रंग नेसलात. फिकट पिवळा, खाकीकडे झुकणारा, चंदनी, हे पांढऱ्या केसांखाली चेहरा आजारी करतात. वांगी, मोरपंखी, राणी, गर्द हिरवा काढा. वरमाईला हेच रंग शोभतात, त्यामुळे जाऊबाईंचं तोंड साडीनंच बंद होईल. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या लहानपणी घरात पांढरं डोकं आणि रिकामं कपाळ बहुतेक एकाच बाईचं असायचं, भीती तिथली आहे. कुंकू नेहमीपेक्षा थोडं मोठं लावून त्यांच्यासमोर जा, बोलावं लागणार नाही.

एक गोष्ट मात्र कुणी कितीही गोड बोललं तरी करू नका. ‘आतला काळा रंग काढून देतो, एका दिवसात सगळं रुपेरी करतो’ असं म्हणणाऱ्या खुर्चीत बसू नका. हे मी स्वतःवर करून बसले आहे. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, पार्लर बंद. मी तेव्हा ५८ वर्षांची. सामान दुकानात, दुकानाला कुलूप, आणि घरात आरशासमोर मी. जूनअखेर पार्लरं उघडायला परवानगी मिळाली तोवर डोक्यावर चांगलं चार सेंटिमीटर पांढरं आलं होतं आणि मला ते आवडायला लागलं होतं. पण धीर कुठला! इतरांना शिकवलेलं स्वतः विसरले आणि ब्लीच कालवून उरलेल्या काळ्यावर फासलं. नैसर्गिक केसाचा रंग ब्लीचनं बऱ्यापैकी सरळ उतरतो. वीस वर्षं थरावर थर चढलेला कलप तसा उतरत नाही. तो कुठे तपकिरी, कुठे नारिंगी होतो आणि तिथेच अडून बसतो. माझं डोकं बुंदीच्या लाडवासारखं झालं. पुन्हा लावलं. मग ओला केस ओढला तर रबरासारखा ताणला जायचा आणि तुटायचा. शेवटी भाचीनं कात्री घेतली आणि चार सेंटिमीटर ठेवून बाकी सगळं उतरवलं.

त्या डोक्यानं मी भाजीला गेले. डोंबिवलीत बातमी पसरायला लोकलसुद्धा लागत नाही. तिसऱ्या दिवशी एक जुनी गिऱ्हाईक मास्क लावून दारात उभी, हातात शहाळं. हळू आवाजात म्हणाली, ‘केमो कुठे घेताय?’ शहाळं मी ठेवून घेतलं. खरं सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की मास्क ओला झाला.

लोक बोलतात ते असं. पहिले दोन-तीन महिने ‘दमलेली दिसतेस, बरं नाही का?’ चौथ्यापासून आठव्यापर्यंत ‘अगं, लावायचा राहिला वाटतं!’ हे सर्वांत जास्त टोचतं, कारण त्यात तुम्ही गबाळ्या ठरता. त्यावर ‘राहिला नाही, सोडला’ असं एकदा सरळ म्हणायचं. खुलासे करत बसलात तर दर वेळी करावे लागतील. साधारण दहाव्या महिन्यानंतर कुणीच काही बोलत नाही, आणि मग आपल्यालाच चुटपुट लागते की अरे, कुणाचं लक्षच नाही का! तुमच्या वर्गातली पोरं मात्र पहिल्या दिवशी बोलतील आणि दुसऱ्या दिवशी विसरतील. मे महिन्यापर्यंत त्यांच्यासमोरच सराव होईल.

पांढरा केस जरा राठ आणि कोरडा असतो, त्याला तेल लागतं. साधं खोबरेल लावा. रंगीत आयुर्वेदिक तेलं पांढऱ्यावर पिवळट झाक सोडतात. उन्हानं, गरम यंत्रानं आणि जड पाण्यानंही पिवळेपणा येतो. त्यावर जांभळा शाम्पू मिळतो. त्यात जादू काही नाही, पांढऱ्या कपड्यांना आपण नीळ घालायचो तेच. दहा दिवसांतून एकदा, दोन मिनिटं, बस. नीळ जास्त झाल्यावर धोतराचं जे व्हायचं तेच डोक्याचं होतं.

यजमानांचं शेवटच्या उत्तरात बघू.

प्रश्न: मी ३३, हिंजवडीत आयटीत. कॉलेज संपतानाच केस पिकायला लागले, आता निम्मे पांढरे. आईच्या मते लग्न ठरेपर्यंत डाय लावावा. मला सोडायचाय. घाई करतेय का?

उत्तर: आधी रक्त तपासून घ्या: बी-१२ आणि थायरॉइड. दूध-अंडीही बेताची असलेल्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी सापडणं नवलाचं नाही, आणि ते कमी असलं की काहींचे केस लवकर पिकतात. उणीव भरून निघाल्यावर काहींचा रंग थोडाफार परततोही. वडिलांचेही तिशीतच पिकले असतील तर मात्र घराण्याचं देणं आहे, त्याला गोळी नाही. उपटत असाल तर थांबा. एकाचे सात होत नाहीत, ती आजीची धमकी होती, पण उपटून उपटून तिथे केस यायचाच बंद होऊ शकतो.

घाईबद्दल विचाराल तर, सोडायचा किंवा लावायचा, दोन्हीला माझी हरकत नाही. कलप लावणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. मी त्याच्यावर फ्लॅटचे हप्ते फेडले आहेत. पण बघण्याच्या कार्यक्रमाला रंगवलेले आणि लग्नानंतर सहा महिन्यांनी पांढरे, हा हिशेब मला गैरसोयीचा वाटतो. निम्मे काळे, निम्मे पांढरे याला माझी आजी तीळतांदूळ म्हणायची. तुमच्या वयात त्यातून वाढ लवकर लपते, कारण मुळात काळेही येतच असतात. रेघ अशी धारदार पडत नाही. केस खांद्यापर्यंत कापा, थर देऊन, आणि बायोडेटाला तोच फोटो लावा. जो नको म्हणेल तो घरबसल्या कळेल, चहा-पोह्यांचा खर्चही वाचेल.

प्रश्न: लातूरहून लिहिते. मी कलप कधीच लावला नाही, बावीस वर्षं फक्त मेंदी. पण आता डोकं शेंदरी दिसतं आणि नात मला ‘गाजरआजी’ म्हणते. मेंदी नैसर्गिक आहे, मग ती धुऊन जायला हवी ना? किती दिवस लागतील?

उत्तर: आजी, नैसर्गिक म्हणजे निघून जाणारी असं नाही. हळदीचा डाग आठवा. मेंदीतलं रंगद्रव्य केसाच्या प्रथिनालाच चिकटतं आणि तिथेच राहतं. दर वेळी नवा थर चढतो, म्हणून टोकं गडद असतात. मेंदी धुऊन नाही, वाढून जाते. गणित वर साताऱ्याच्या बाईंना सांगितलं तेच.

तुमचं नशीब जरा बरं आहे. शेंदरी आणि पांढरं यातली रेघ काळ्या-पांढऱ्याइतकी अंगावर येत नाही. लांबून ती उन्हाची तिरीप वाटते. मेंदीच्या पुडीवर नुसतं मेंदीचं नाव होतं की आणखी काही, ते मात्र आठवून बघा. काही पुड्यांत धातूचे क्षार असतात आणि त्यावर पार्लरचं ब्लीच पडलं की केस गरम होऊन जळतात. म्हणून वरून काहीही लावून घेऊ नका. बोअरचं पाणी असेल तर शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या, नाहीतर नवा येणारा पांढराही पिवळा पडायचा आणि नातीला दुसरं नाव सुचायचं.

प्रश्न: चिपळूणहून. पुरुषांनी विचारलं तर चालतं ना? वय ६३. डोक्यावर फारसं काही नाही, प्रश्न मिशीचा आहे. तीस वर्षं काळी करतोय. आता कडेनं गुलाबी कातडीवर डाग राहतात आणि मिशी चिकटवल्यासारखी दिसते. एकदम सोडली तर अर्धी पांढरी, अर्धी काळी मिशी घेऊन बँकेत कसं जाऊ?

उत्तर: चालतं, उलट आणखी विचारा. हे उत्तर साताऱ्याच्या बाईंच्या यजमानांनीही वाचावं. तुम्हा लोकांना एवढं सोपं असून तुम्ही जास्त घाबरता. बायका चार वर्षं काढतात, तुमचं काम तीन-चार आठवड्यांचं. डोक्याचे केस बारीक करायचे, न्हाव्याच्या मशिनला दोन नंबर लावून. मिशी पूर्ण काढायची. मग जे उगवेल ते तुमचं. अधलीमधली अवस्था येतच नाही. कातडीवर डाग राहतात आणि मिशी चिकटवल्यासारखी दिसते असं तुम्हीच म्हणता, तेव्हा आजच काढा. साताऱ्याच्या साहेबांनी लग्नाच्या सहा आठवडे आधी काढली तर मांडवात दोघं नवरा-बायकोच दिसतील, बहीण-भाऊ नाही.

फक्त घरी सांगून काढा. आमच्या ह्यांनी १९९४ साली गणपतीच्या आदल्या दिवशी कुणाला न विचारता मिशी उडवली. मुलगी तीन वर्षांची होती. तिनं बाबांना घरात शिरूच दिलं नाही, दाराच्या कडीला लोंबकळून रडत बसली. शेजारच्या काकूंनी समजूत काढली, लाडू दाखवून झाला. शेवटी ह्यांनी बाहेरूनच तिची झोपतानाची गोष्ट सांगायला सुरुवात केली, आवाज ओळखीचा वाटला तेव्हा तिनं कडीवरचा हात काढला. तरी विसर्जनापर्यंत त्यांच्या मांडीवर बसली नाही.